शून्य नंबरची सुई

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. सकाळी साडेदहाच्या सुमाराला दाराची बेल वाजली आणि मला उठताच येईना. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत अकरा टाके चढलेले, पाच टाके डाव्या हातावर गेलेले, आणि मध्ये पांढऱ्या लोकरीचा दोर. दोरच म्हणते, कारण तो माझ्या अंगठ्यापेक्षा जाड होता. आमचे हे कानातलं यंत्र काढून पेपर वाचत बसलेले, त्यामुळे त्यांच्यापुरती बेल वाजलीच नव्हती. शेवटी तशीच उठले. लोकरीचा गोळा पायाने ढकलत, दोन्ही हात छातीशी धरून दारापर्यंत गेले आणि कोपराने कडी काढली. बाहेर इस्त्रीवाला.

"आजी, क्या हुआ? प्लास्टर?"

मी म्हटलं, "नहीं रे, स्वेटर." तो कपडे ठेवून जरा घाईनेच गेला!

हसू नका. सुया न घेता हातांवरच विणण्याचा हा प्रकार परदेशात गेली दहा-बारा वर्षं चांगलाच चालतो आहे. माझी भाची कॅनडाहून आली तेव्हा बॅगेत दोन किलोचा हा गोळा घेऊन आली. सामानाच्या वजनावरून नवऱ्याशी भांडून आणलान. "मावशी, तुझे हात रिकामे बघवत नाहीत गं मला," असं म्हणाली. मी तोंडावर "छान आहे हो" म्हटलं. मनात म्हटलं, ही काय लोकर? ही तर गादीतली!

रिकाम्या हातांचं आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

तीन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध काहीतरी बिघडलं. मोतीबिंदू दोन्हीकडचे आधीच झाले होते, ते वेगळं. आता झालं ते असं, की ओळीतल्या ज्या शब्दाकडे बघावं तोच पुसट व्हायचा आणि आजूबाजूचे स्पष्ट. डोळ्यात इंजेक्शनं झाली, आहे ते राखलं गेलं. डॉक्टरांनी एक कागद दिला आहे, बारीक चौकटींचा, मध्ये काळा ठिपका. रोज एकेक डोळा झाकून त्या ठिपक्याकडे बघायचं आणि रेषा सरळ दिसतात की वाकड्या ते पाहायचं. कागद हातात घेतला आणि मला हसू आलं. आयुष्यभर चौकटीच्याच कागदावर मी क्रोशाचे नमुने काढले. मोर, हंस, कमळ, 'सुस्वागतम्'... भरलेली चौकट म्हणजे खांब, रिकामी चौकट म्हणजे साखळी. आता त्याच चौकटी मधोमध खचलेल्या दिसतात, जुन्या चाळीच्या जिन्यासारख्या.

त्यात अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलेला. चिमटीत बारीक सुई धरली की पाच मिनिटांत कळ कोपरापर्यंत जाते. तेव्हा दोन वर्षं विणकाम बंद होतं. सुयांचा डबा कपाटात वर ठेवून दिला. नातेवाईकांना मी "डोळ्यांना त्रास होतो" एवढंच सांगत होते. खरं म्हणजे मला वाईट विणायचं नव्हतं.

हा गर्व आईकडून आलेला. आमचं बिऱ्हाड घाटकोपरला, चाळीत. दोन खोल्या, आम्ही सातजण. पण आईच्या हातचा क्रोशाचा रुमाल नाही अशी एक वस्तू घरात नव्हती. रेडिओवर, ट्रंकेवर, पाण्याच्या तांब्यावर सुद्धा. साठ नंबरचा दोरा वापरायची. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, आणि साठ म्हणजे केसासारखा. माझं काम बघायचं झालं तर ती सुलट बाजू बघायचीच नाही. उलटं करायची. मागे गाठ दिसली, दोरा लोंबला, की उसवून हातात द्यायची. बोलायची नाही काही. "हिचा हात बारीक आहे" ही आमच्या घरातली सर्वांत मोठी शाबासकी. मुलगी बघायला आलेल्यांनाही हेच दाखवायचे. आणि "ढोबळ काम" म्हणजे शिवीच.

जाड लोकर आमच्या घरात एकच होती, वडिलांची घोंगडी. ते माण तालुक्यातले. मुंबईत गिरणीत आले तरी घोंगडी बरोबर आणलेली. काळी, कडक, चिंचोक्यांची खळ लावलेली. नवी असताना जमिनीवर उभी राहायची म्हणे. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, बायकांनी हाताने कातलेली, सणगरांनी मागावर विणलेली. आम्हा मुलांना ती मुळीच आवडायची नाही, कारण गालाला टोचायची. पण 1962च्या जानेवारीत मुंबईत अशी काही थंडी पडली की विचारू नका. बावीस तारखेला सांताक्रुझला पारा 7.4 अंशांवर उतरला. तेवढा आजवर पुन्हा कधी उतरलेला नाही. त्या रात्री आम्ही चार भावंडं एका घोंगडीखाली झोपलो आणि कुणी टोचते म्हणून तक्रार केली नाही. आईच्या एवढ्या रुमालांतला एकही त्या रात्री कामाला आला नाही... पण हे मला आत्ता लिहिताना सुचलं, तेव्हा नव्हतं सुचलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास चीनशी युद्ध झालं. शाळेत आम्हा मुलींना हिरवट लोकर वाटली. जवानांसाठी मफलर विणायचे. मी बारा वर्षांची. ऑफ तासाला, मधल्या सुट्टीत, घरी कंदिलाशी, जिकडेतिकडे सुया. माझा मफलर बाईंनी सगळ्या वर्गाला दाखवला, "बघा, टाका कसा एकसारखा आहे." तेव्हापासून मी विणते आहे. पुढे बी.ए. झाले, शिक्षिका झाले, मुलुंडला संसार थाटला, पण पिशवीत लोकर कायम. आमच्या घराण्यात गेल्या पन्नास वर्षांत जन्मलेल्या सतरा बाळांना माझ्या हातचं टोपरं, मोजे आणि झबलं गेलेलं आहे. वाचणाऱ्यांपैकी सहा-सात जण त्यातलेच आहेत, त्यांनी आपापले जुने फोटो काढून पाहावेत.

तर आता तो दोन किलोचा गोळा.

आपल्याकडे विणायच्या सुया अजून जुन्या विलायती मापाने मागतात. त्यातही दोऱ्यासारखंच. नंबर वाढला की सुई बारीक. बारा नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, स्वेटरची खालची पट्टी विणायला. दहा नंबर सव्वातीन, अंगासाठी. आठ नंबर चार मिलिमीटर, आणि ती आमच्या लेखी जाडच. तसं खाली येत येत शून्य नंबर म्हणजे आठ मिलिमीटर, दोन शून्यं म्हणजे नऊ, तीन शून्यं म्हणजे दहा. पुढे आकडेच संपले. अमेरिकेतल्या लोकरीच्या गुंडीवर मात्र शून्य ते सात असे आकडे असतात आणि ते आपल्या उलटे: शून्य म्हणजे जाळीकामाची बारीक, सात म्हणजे सगळ्यांत जाड. भाचीच्या गोळ्यावर सात होता. त्याला सुया लागतात लाटण्याएवढ्या, नाहीतर मग हे दोन हात.

मी गणित मांडून पाहिलं (जुनी खोड). दहा नंबरच्या सुईवर बारीक लोकरीने दहा सेंटिमीटरचा चौकोन विणला तर 28 टाके आणि 36 ओळी, म्हणजे 1008 टाके. हातावर विणलेल्या चौकोनात जेमतेम दोन टाके, दोन ओळी. चार! अडीचशेपट काम कमी. मला वाटलं, हे काय विणकाम आहे? मुलांचा खेळ.

पण 1008 टाक्यांत एक टाका सैल पडला तर तो बाकीचे 1007 सांभाळून घेतात. धुतल्यावर, ओढून वाळवल्यावर कुणाच्या बापाला कळत नाही. चारातला एक बिघडला तर चौकोनाचा पाव हिस्सा बिघडला. इस्त्रीवाला गेल्यावर मी खाली पाहिलं तर सहाव्या ओळीत एक टाका भला मोठा, बाकीचे लहान. मला, मध्यभाग न दिसणाऱ्या म्हातारीला, खोलीच्या दुसऱ्या टोकावरून तो दिसला! उसवला. पुन्हा तसाच. या कामात ताण सुईच्या जाडीवर ठरत नाही, मनगटाच्या जाडीवर ठरतो, आणि मनगटापाशी टाका लहान होतो, कोपराकडे मोठा. हे कळायला तीन दिवस गेले. आणि ओळीच्या मध्येच कंटाळा आला तर काम बाजूला ठेवायची सोय नाही. स्वतःच काम होऊन बसायचं.

दुसरी एक गोष्ट कळली ती मला जास्त महत्त्वाची वाटते. या लोकरीला पीळ नाही. मेंढीचा लांब केस विंचरून नुसता दोरासारखा ओढलेला. दोर जाड, पण त्यातला एकेक केस इतका बारीक की मिलिमीटरचा पन्नासावा भाग भरेल. मेरिनो जातीच्या मेंढीचा. म्हणून गालाला लावली तर लोणी. वडिलांच्या घोंगडीचं नेमकं उलटं. तिचा केस राठ, पण धागा बारीक आणि घट्ट पिळाचा. म्हणून टोचायची, आणि म्हणूनच टिकली. चाळीस वर्षं. हिला मात्र महिन्याभरात जागोजाग केसांच्या गोळ्या आल्या. आमच्या मुंबईच्या दमट हवेत पावसाळ्यानंतर हिला कसर लागणार हे सांगायला ज्योतिषी नको. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण मुळात पीळच नसला तर जळायचं काय?

झाली मात्र पुरी. ओळी मोजून, दोनदा उसवून. ह्यांनी जानेवारीत सकाळी पायांवर घेतली. मुलुंडला राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावरून पहाटे बरं गार येतं, तेवढंच निमित्त. म्हणाले, "घोंगडीच आहे. टोचत नाही एवढंच." चौपन्न वर्षांच्या संसारात माझ्या विणकामावर त्यांनी दिलेला हा बहुधा तिसरा अभिप्राय.

याच सुमाराला कॅनडाहून बातमी आली, भाचीच्या मुलीला दिवस गेलेत. म्हणजे अठरावं बाळ.

मी डबा खाली काढला. फिकट पिवळी तीन पदरी लोकर आणवली, अकरा नंबरच्या सुया घेतल्या आणि टोपऱ्याचे टाके घातले. शहाऐंशी. दुसऱ्या दिवशी मोजले तर त्र्याऐंशी. तीन कुठे गेले ते बोटांना लागेना, डोळ्यांना तर नाहीच. उसवलं. चारदा उसवलं. पाचव्या वेळी सुनेने हळूच माझ्या हातातून सुया घेतल्या. "आई, चहा ठेवलाय." ती काही बोलली नाही याचंच मला जास्त लागलं.

भाचीला फोनवर म्हटलं, या जाड लोकरीचंच बाळाला पांघरूण करू का? ती म्हणाली, "मावशी, पहिलं वर्षभर पाळण्यात सुटं पांघरूण ठेवायचं नाही असं सांगतात इथले डॉक्टर. तोंडावर आलं तर... आणि याचे केसही सुटतात ना." बरोबर आहे तिचं. आम्ही चार जण घोंगडीखाली जगलो-वाचलो, पण ते दिवस वेगळे. बारीक जमत नाही, जाड चालत नाही. फोन ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसले.

मग सुनेनेच सुचवलं, पाळण्यात नको तर जमिनीवर चालेल. बाळ चार-पाच महिन्यांचं झालं, पालथं पडायला लागलं की त्याच्याखाली घालायला, किंवा आईला मांडी घालून बसायला, एक जाड गोल बैठक कर. सुती. मशीनमध्ये धुता येईल अशी. तिने टी-शर्ट यार्न मागवून दिलं. कपड्यांच्या कारखान्यात होजिअरीचं कापड कापताना जे उरतं त्याच्या पट्ट्या असतात त्या, ओढल्या की आपोआप गुंडाळून दोरीसारख्या होतात. आणि आठ मिलिमीटरची क्रोशाची सुई. जुन्या मापाने शून्य नंबर. लाकडी, गुळगुळीत. मुठीत धरता येते, चिमूट लागत नाही, म्हणून अंगठा बोंबलत नाही.

ती लाकडी सुई हातात घेतली आणि मला एकदम एक मुलगी आठवली.

खरं तर हेच लिहायचं होतं मला. बाकी सगळं लिहिता लिहिता आलं.

1986 किंवा 87 साल असेल. मी मराठी आणि इतिहास शिकवायची, पण स्टाफरूममध्ये विणत बसते म्हणून कार्यानुभवाचे तास माझ्या गळ्यात पडले. आठवीचा वर्ग. मुलींना सांगितलं, पन्नास ग्रॅम लोकर, दहा नंबरच्या सुया किंवा क्रोशाची बारीक सुई, काहीही एक वस्तू करून आणा, पंचवीस गुण. सगळ्यांनी टोपरी, मोजे, पर्स आणले. या मुलीने आणलं सुतळीचं आसन. वाण्याकडची सुतळी, तीच, तागाची, राठ, तेलकट वास येणारी. वडील एका फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करायचे, त्यांनी लाकडाची क्रोशाची सुई तासून दिली होती. आसन चांगलं हातभर रुंद, गोल, जाडजूड. बाजूने कुसं निघालेली.

मी ते उलटं केलं. आईसारखंच. मागे गाठी होत्या. सुतळीच्या गाठी लपणार कुठे? वहीत शेरा लिहिला, "काम ढोबळ. सांगितलेले साहित्य वापरले नाही." पंचवीसपैकी दहा.

वार्षिक प्रदर्शनात बाकीच्या वस्तू टेबलावर मांडल्या. ते आसन मांडलं नाही, नीटनेटक्या वस्तूंत ते विचित्र दिसलं असतं. पण प्रदर्शन दोन दिवसांचं, आणि मला दाराशी लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसायचं होतं. दुसरं काही मिळेना तेव्हा मी ते आसन खुर्चीवर घातलं आणि दोन दिवस त्यावर बसले. पालक आले, पाहुणे आले, मुख्याध्यापक आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मुलगी आसन परत न्यायला आली. मी उठून दिलं. तिने ते काखेत मारलं आणि विचारलं, "बाई, टोचलं नाही ना?"

मी म्हटलं, "नाही गं, चांगलं आहे." आणि गुण दहाच राहिले.

आता हे कशाने आठवलं ते सांगते. नुसत्या लाकडी सुईने नाही. गोल विणताना तो सपाट राहायला दर फेरीला टाके वाढवावे लागतात. मुक्या खांबाचा गोल असेल तर पहिल्या फेरीत सहा, मग बारा, अठरा, चोवीस. दर फेरीला सहा. मी हे आईकडून पाठ केलेलं, का ते कधी विचारलं नव्हतं. या खेपेला बैठक करताना चौथ्या फेरीत दोन वाढी चुकल्या, आणि बैठकीची टोपी झाली. काठ वर उचलले. बारीक दोऱ्याचा रुमाल असता तर पाण्यात भिजवून, टाचण्या लावून, खळ देऊन सपाट केला असता, सगळेच करतात. हे जाड सूत कशाला ऐकत नाही. मग उसवून, वाढवून बघितलं, तर जास्त झाले आणि झालर पडली. तेव्हा कागद घेऊन बसले. एक फेरी वाढली की त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते. परीघ वाढतो दोन गुणिले बावीस सप्तमांश, म्हणजे सहा पूर्णांक अठ्ठावीस. मुका खांब जेवढा उंच साधारण तेवढाच रुंद, म्हणून सहा. साधा खांब दुप्पट उंच, म्हणून त्याला बारा. वयाच्या पंचाहत्तरीत मला हे कळलं आणि एखादं कोडं सुटल्यासारखा आनंद झाला. सुनेला हाक मारून सांगितलं सुद्धा.

आणि मग लक्षात आलं, त्या मुलीचं आसन सपाट होतं. दोन दिवस बसले होते ना मी त्यावर. ताटासारखं सपाट. वर्गात मी कुणालाच गोल शिकवला नव्हता, चौकोनी रुमालच शिकवला होता. घरी तिच्या आईला विणता येत नव्हतं, हेही मला माहीत होतं. म्हणजे तिने ते स्वतःच शोधलं असणार. किती वेळा उसवलं असेल? सुतळी उसवायची म्हणजे काय हे मी गेल्या महिन्यात करून पाहिलं. वाण्याकडून सुतळीची दोन बंडलं आणून. दहा मिनिटांत तर्जनीची साल निघाली. चिकटपट्टी लावून विणावं लागलं. आणि गाठ नको म्हणून टोक आत दडवायला गेले तर सुतळी आतून उसळून बाहेर येते. तिने गाठी मारल्या त्याला दुसरा इलाजच नव्हता. मी पन्नास ग्रॅम लोकर आणा म्हणून सांगितलं, तेव्हा ती लोकर कुणाला परवडते, हे मी विचारलं नव्हतं. सांगितलेले साहित्य वापरले नाही, असं मात्र लाल शाईत लिहिलं.

आमच्या माजी विद्यार्थ्यांचा एक गट आहे फोनवर. तिथे मी त्या मुलीची चौकशी केली. आसनाचं काही लिहिलं नाही, नुसतं "कुठे असते?" असं विचारलं. एकीने लिहिलं, लग्न होऊन वसईकडे गेली होती, पुढचं माहीत नाही. दुसरा म्हणाला, बाई, त्या नावाच्या आपल्या वर्गात दोघी होत्या. दिवसभर त्यावर चर्चा झाली, गटाचे जुने फोटो निघाले, कुणाचं टक्कल, कुणाचे नातू... आणि ती राहूनच गेली.

बैठक पुरी झाली. पिवळी आणि करडी, चोवीस फेऱ्या. वजन सव्वातीन किलो. कुरिअरवाल्याने कॅनडाचा दर सांगितला तेव्हा ह्यांनी कानातलं यंत्र नीट बसवून पुन्हा विचारायला लावला. शेवटी मुलाचा मित्र टोरांटोला जात होता, त्याच्याबरोबर गेली. बाळ एप्रिलमध्ये झालं, मुलगी. फोटो आलाय: बैठकीवर मधोमध बाळ पालथं, मान वर करून, डोक्यावर दुकानातलं टोपरं. टोपऱ्याचा फोटो मी मोठा करून बघितला. मशीनची वीण, एकसारखी. नाव ठेवायला जागा नाही. पण सतराजणांकडे आहे ते हिच्याकडे नाही, आणि ते मला रोज एकदा तरी आठवतं. ताई, तू म्हणशील वेडी आहेस. आहे.

उरलेल्या सुतळीचं आसन लावलं आहे, साधं, मुक्या खांबाचं. ते कुणाला द्यायचं ठरवलेलं नाही. उलट बाजूला गाठी आहेत, मोजल्या तर सात. काल अकरावी फेरी संपवली. सहासष्ट टाके व्हायला हवेत, चौसष्ट भरताहेत. दुपारी खिडकीत ऊन येतं तेव्हा पुन्हा मोजते.